राणी मुंगीला सव्वा महिना द्या

मुळशीकर मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. चहा घ्या आणि सवडीनं वाचा. विषय मुंग्यांचा आहे, पण शेवटी तो आपल्या जमिनीपाशीच येतो.

मोबाईलवर मुंग्या पाळण्याचे व्हिडिओ बघून हल्ली आपल्याकडची पोरंही विचारायला लागलीत, "राणी मुंगी कुठं मिळते?" घरातल्यांची उत्तरं ठरलेली. एक, "आधी अभ्यास कर." दोन, "घरात आहेत तेवढ्या कमी आहेत का?" आणि तिसरं, सगळ्यात वाईट, "थांब, ऑनलाइन मागवून देतो."

माझं मत सरळ सांगतो. पोरांना मुंग्या पाळू द्या. विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी खूप झाले, आता एकदा मुंग्यांची वसाहत मांडू द्या. पण तीन अटींवर. राणी विकत आणायची नाही. कुठलंही वारूळ खणायचं नाही. आणि एकदा राणी नळीत ठेवली की तिला उगाच हात लावायचा नाही. यातली तिसरी अट सगळ्यात अवघड आहे. पोरांपेक्षा आपल्या तालुक्याला जास्त अवघड.

आधी राणीची गोष्ट समजून घेऊ.

आपल्याकडचा मोठा काळा मुंगळा सगळ्यांनी पाहिलाय. पावसाळ्याच्या सुरुवातीला, उकाडा होऊन एक सर पडून गेली की दमट संध्याकाळी वारुळातून पंखवाले नर आणि पंखवाल्या माद्या बाहेर पडतात. मिलन होतं. नर थोड्याच काळात मरतात. मादी जमिनीवर उतरते, स्वतःचे पंख स्वतःच पाडून टाकते आणि मऊ माती शोधायला लागते. एखाद्याचं फार वर जायला लागलं की आपण म्हणतो, मुंगीला पंख फुटले, म्हणजे आता याचं काही खरं नाही. नराच्या बाबतीत ते शब्दशः खरंय. मादीच्या बाबतीतही बहुतेक वेळा खरंच. बेडूक, पाली, कोळी, पक्षी आणि दुसऱ्या वारुळातल्या मुंग्या मिळून बहुतेक राण्यांचा फडशा पाडतात.

त्यातून जी वाचते ती जमिनीत एक छोटी खोली करते आणि आतून दार लावून घेते. अंडी घालते. बाहेर पडत नाही, काही खात नाही. उडायचे स्नायू आता तिला लागणार नसतात. तेच स्नायू आणि अंगातली चरबी विरघळवून ती पहिल्या अळ्यांना भरवते. ऊब चांगली असेल तर महिना-दोन महिन्यांत पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर येतात. आकारानं बारक्या, कारण आईकडं द्यायला तेवढंच होतं. त्या दार उघडतात, बाहेरून पहिला घास आणतात, आणि त्यानंतर राणीचं काम फक्त अंडी घालायचं. एकदाच्या मिलनात साठवलेलं वीर्य तिला जन्मभर पुरतं. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी बंदिवासात २८ वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे.

आपल्याकडं बाळंतिणीला सव्वा महिना खोलीत जपतात. डिंकाचे लाडू देतात, वारं लागू देत नाहीत. या राणीचाही तोच सव्वा महिना असतो. फक्त हिला लाडू देणारं कोणी नसतं. तिला एकच गोष्ट हवी असते, कोणी त्रास देऊ नये.

आता पोरांसाठी, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी, थोडक्यात कृती.

१) राणी आपल्याच अंगणात शोधा. पाऊस पडून गेल्यावर जमिनीवर एकटीच धावणारी, पंख गळालेली, छाती फुगीर, पोट मोठं, दीड सेंटिमीटरच्या आसपासची मुंगी दिसली तर ती बहुधा मुंगळ्याची राणी. दिव्याभोवती ढिगानं येणारी पाखरं बऱ्याचदा वाळवीची असतात, गल्लत करू नका. वाळवीचे चारही पंख सारखे आणि कंबर जाड. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या.

२) काचेची साधी टेस्ट ट्यूब घ्या. तिसरा हिस्सा पाणी भरा. कापसाचा बोळा पाण्याला टेकेपर्यंत आत सरकवा, म्हणजे तो ओला राहील पण पाणी गळणार नाही. राणीला अलगद आत जाऊ द्या. तोंडाला दुसरा बोळा लावा, हवा खेळेल इतपत सैल.

३) नळीला गडद कागद गुंडाळा आणि कपाटात ठेवा. ऊन नको, धक्के नकोत, टीव्हीशेजारची जागा नको. आठवड्यातून एकदा, तेही मिनिटभर बघायचं. सारखी उघडझाक केली, धक्के बसले, तर घाबरलेली राणी स्वतःचीच अंडी खाऊन टाकते. नवशिक्यांच्या वसाहती बहुतेक अशाच बुडतात, उपाशी राहून नाही.

४) पहिल्या कामकरी येईपर्यंत खाणं लागत नाही. हे मुंगळ्याच्या राणीबद्दल. काही शिकारी जातींच्या राण्या बाहेर जाऊन स्वतः शिकार करतात, त्यांच्या नादाला सुरुवातीला लागू नका. कामकरी आल्या की साखरपाण्याचा एक थेंब आणि औषध न मारलेला एखादा डास. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढून टाका, नाहीतर बुरशी धरते.

५) एका नळीत एकच राणी. मोठं घर, कारंजं, प्लास्टिकचे बोगदे वगैरे वीस-पंचवीस मुंग्या झाल्याशिवाय नको.

६) दोन-अडीच महिन्यांत काहीच झालं नाही, तर जिथून उचलली तिथंच सोडा. पंख पाडले म्हणजे मिलन झालंच असं नसतं. मिलन न झालेल्या राणीच्या अंड्यांतून फक्त नर निघतात, वसाहत उभी राहत नाही.

खर्च किती? एक नळी, थोडा कापूस, चिमूटभर साखर. पाचवीतलं पोर करू शकतं. आणि सव्वा महिना वाट बघणं म्हणजे काय, हे मोबाईल हातात घेऊन जन्मलेल्या पिढीला दुसरं काहीही इतक्या स्वस्तात शिकवणार नाही.

आता विकत का नको?

कारण हा धंदा आता जगभर झालाय. एप्रिल २०२५ मध्ये केनियात बेल्जियमच्या दोन तरुण पोरांना सुमारे ५,००० मुंग्यांसकट पकडलं. बहुतेक राण्या, नळ्यांमध्ये आणि सिरिंजमध्ये कापूस घालून भरलेल्या. मे महिन्यात कोर्टानं प्रत्येकी १० लाख केनियन शिलिंग दंड किंवा एक वर्षाची कैद सुनावली. जंगलातून हत्तीचे दात चोरणारे आपल्याला माहीत होते. आता राण्या चोरणारेही आले. एक राणी उचलली म्हणजे एक मुंगी उचलली असा हिशोब नसतो. पुढं उभी राहणारी अख्खी वसाहत उचललेली असते. अंगणातल्या रस्त्यावर पायाखाली येणारी एखादी राणी नळीत ठेवणं वेगळं आणि हजारांनी गोळा करून विकणं वेगळं.

दुसरं कारण, परमुलखातली मुंगी इथं सुटली तर आवरत नाही. यलो क्रेझी अँट नावाची मुंगी माणसाच्या मालवाहतुकीबरोबर जगभर पसरली. ख्रिसमस बेटावर तिनं लाल खेकड्यांचा लाखोंनी संहार केला. २०२२ साली तमिळनाडूत दिंडीगुल जिल्ह्यातल्या करंदमलै डोंगराजवळचे गावकरी याच मुंगीमुळं गुरंढोरं घेऊन हैराण झाले होते. कुरिअरच्या डब्यातून कुठली जात येतेय, ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. म्हणून नियम साधा ठेवा. आपल्या अंगणातली मुंगी, आपल्याच अंगणात परत. आणि ताम्हिणी अभयारण्यातून काहीच उचलायचं नाही, मुंगीसुद्धा नाही. तिथं झाडांवर मुंग्यांची शेणगोळ्यासारखी घरटी दिसतात ना, त्यातच तांबूस सुतारपक्षी पोखरून आपली अंडी घालतो. एकाच्या घरावर दुसऱ्याचा संसार उभा असतो.

आता मूळ मुद्दा.

आपण पोराला सांगणार, नळी हलवू नकोस, उजेड पाडू नकोस, औषध मारू नकोस. आणि बाहेर आपण काय करतोय?

जून-जुलैत, ऐन उड्डाणाच्या दिवसांत, रिसॉर्ट आणि फार्महाऊसचे हॅलोजन रात्रभर चालू. पंखवाल्या मुंग्या उजेडाकडं खेचल्या जातात, फरशीवर पडतात, सकाळी झाडूनं गोळा होऊन कचऱ्यात. ज्या वाचतात त्यांना उतरायला माती हवी, तर अंगणभर पेव्हर ब्लॉक. जिथं माती उरलीय तिथं सोसायटीची फवारणी. बंगल्यांच्या प्लॉटिंगसाठी टेकडीचा उतार जेसीबीनं एका आठवड्यात सपाट होतो आणि मुरूम ट्रकमधून निघून जातो. त्या उतारावर किती वारुळं होती ते कोणी मोजत नाही. सातबाऱ्यावर मुंगीचं नाव नसतं.

फवारणीवर लगेच कोणी म्हणेल, डेंग्यूचं काय? डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. टाकी, पिंप, टायर, कुंडीखालची ताटली. त्यावर उपाय आठवड्यातला कोरडा दिवस. अंगणातल्या मातीवर मुंग्यांचं औषध ओतून एकही डास कमी होत नाही.

आपल्या आज्या हे न शिकता पाळत होत्या. नागपंचमीला नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही, चिरायचं-कापायचं नाही. कारण काहीही सांगत असतील, पण श्रावणात जमिनीखाली कोणीतरी घर करून बसलंय, हे त्यांच्या ध्यानात होतं. मुंग्यांच्या वारुळापाशी पीठ-साखर घालणारी म्हातारी माणसं अजून कोळवण खोऱ्यात भेटतील. आपण पूजेचा फोटो स्टेटसला ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी जेसीबी बोलावतो.

राहतं घर बुडणं म्हणजे काय, हे मुळशीला तरी सांगायला नको. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर इथले मावळे धरणाविरुद्ध उभे राहिले ते जमिनीसाठीच. माणसाच्या विस्थापनाची आणि मुंगीची बरोबरी मी करत नाही, गैरसमज नको. पण ज्या तालुक्यानं "आमचं घर उठवू नका" असं म्हणत सत्याग्रह केला, त्यानं दुसऱ्याचं घर उठवताना क्षणभर थांबावं, एवढी अपेक्षा गैर नाही.

"हिंजवडीचा ट्रॅफिक सुटेना, उन्हाळ्यात वाड्यांना टँकर लागतात, आणि तुझं मुंग्यांचं काय?" ही कॉमेंट येणारच. प्रश्न बरोबर आहे. पण पेव्हर ब्लॉकनं जी माती बंद होते तिच्यातूनच पाणी मुरायचं असतं. मुंग्या माती वरखाली करतात, मेलेले किडे उचलतात, बिया नेतात. मावा सांभाळून शेतकऱ्याला तापही देतात, तेही खरं. त्यांना देव करू नका. फक्त हिशोबात धरा.

मागणी मोठी नाही. चारच गोष्टी.

पहिली: २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आपल्या गावची नोंदवही टेबलावर मागा. उघडा. त्यात मुंग्यांचं एक पान आहे का बघा. नसेल तर शाळेतली पोरं भरून देतील.

दुसरी: पहिल्या पावसाचे दोन-तीन आठवडे, संध्याकाळी गरज नसलेले बाहेरचे मोठे दिवे बंद.

तिसरी: प्रत्येक सोसायटीनं, शाळेनं, मंगल कार्यालयानं आवारातला एक कोपरा मातीचाच ठेवायचा. फरशी नाही, फवारणी नाही.

चौथी: शाळांनी यंदा प्रत्येक वर्गाला एक नळी द्यावी. राणी पोरं शोधतील. आपलं काम फक्त तिला हलवू न देण्याचं.

काही न करता नुसतं जपणं हेही काम असतं, हे पोरांनी नळीत बघावं आणि मोठ्यांनी टेकडीकडं बघून आठवावं. सव्वा महिन्यात नळीत चार-सहा बारक्या मुंग्या दिसल्या, तर तुमच्या गावच्या मातीतलं एक घर तुम्ही उभं राहू दिलंत.

पटलं तर शाळेच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाका. पटलं नाही तर खाली लिहा, बोलू. आणि तुमच्याकडं मुंगळ्याला, लाल मुंगीला, झाडावरच्या मुंगीला काय म्हणतात तेही लिहा. ते पान आपण इथूनच सुरू करू.

#मुळशी #मुंग्या #ग्रामसभा