नाव बदलावे, पण चारचौघांत

समाजमाध्यमावरील आपल्या खात्याचे दर्शनी नाव बदलणे ही आता अर्ध्या मिनिटाची गोष्ट झाली आहे. जुनी अक्षरे पुसावी, नवी लिहावी, की काम झाले. फेसबुक एकदा बदललेले नाव पुढले ६० दिवस पुन्हा बदलू देत नाही. एक्सवर ५० अक्षरांच्या आत मनाला येईल ते नाव घेता येते. असल्या किरकोळ बाबीची चर्चा या पानावर कशाला, असे कोणी विचारील. परंतु नाव कसे घ्यावे, कसे टाकावे आणि कोणाच्या साक्षीने, हा प्रश्न यंत्रापेक्षा रीतीभातीचा अधिक आहे. म्हणून तो येथे मांडतो.

नाव बदलणे आपल्याला नवे नाही. १८६३ साली नाशिककडील कवळाणे गावी जन्मलेला गोपाळराव नावाचा मुलगा १८७५ च्या मे महिन्यात दत्तक होऊन बडोद्याच्या गादीवर आला आणि सयाजीराव झाला, हे आपल्या शहरात शाळकरी पोरही सांगेल. ज्यांच्या हातून १८८६ साली येथे गायनशाळा उभी राहिली त्या मौलाबक्षांचे पाळण्यातले नावही निराळे होते. हे नाव त्यांना एका फकिराने दिले असे सांगतात. लग्नात मुलीचे नाव तांदळात लिहून बदलत. संन्यासी पूर्वाश्रमीचे नाव टाकतो. या सगळ्या प्रसंगांत एक गोष्ट समान आहे: बदल चारचौघांसमक्ष होतो, आणि जुने नाव काय होते हे त्या चौघांना ठाऊक असते.

गोमंतकाची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. पोर्तुगीज अमदानीत डिचोलीचे बिचोलिम, साखळीचे सांकेलिम आणि पेडण्याचे पेर्नेम झाले. माणसांची नावेही पोर्तुगीज वळणाने दप्तरात चढली आणि १९६१ च्या मुक्तीनंतर अनेकांनी ती पुन्हा आपल्या वळणावर आणली. त्याहून मोठा बदल गाणाऱ्यांच्या घरांत घडला. देवळाच्या सेवेशी बांधलेल्या घराण्यांतील मुलींना बापाचे आडनाव लावण्याची सोय नव्हती. त्यांना गावाने नाव दिले. केरीच्या केसरबाई केरकर झाल्या, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर झाल्या. मंगेशीच्या दीनानाथांनीही आडनाव घेतले ते गावाचेच. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी ध्वनिमुद्रिका अंतराळात गेली, तीत केसरबाईंची भैरवी आहे. म्हणजे फोंड्याकडील एका लहानशा गावाचे नाव आज सूर्यमालेच्या कडेला पोचले आहे. कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले आणि उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावरच काही दिवस दिसते. कुर्डीकर हे नाव मात्र बारा महिने कोरडे उभे आहे. घेतलेले नाव जन्माच्या नावाइतकेच खरे ठरू शकते, हे या बायांनी सिद्ध केले. पण त्यासाठी त्यांनी ते एकदाच घेतले आणि जन्मभर गायिले.

डिचोली तालुक्यातील पाळी गावचा एक तरुण माझ्याकडे गाणे शिकतो. खनिजाच्या पट्ट्यातले हे गाव. २००७ पर्यंत पाळी या नावाचा विधानसभा मतदारसंघही होता. २०१२ च्या निवडणुकीपासून त्या बाजूच्या मतदारसंघाच्या पाटीवर साखळी हे नाव आहे. या मुलाचे आडनाव त्याच्या तालुक्यात घरोघर सापडणारे, म्हणून त्याने खात्यावर पाळीकर असे नाव घेतले होते. त्या नावाने तीन वर्षे त्याने आपले गाणे लोकांपुढे ठेवले. शहरात आल्यावर सोबत्यांनी थट्टा सुरू केली. पाळी या शब्दाचे त्यांना दुसरेच अर्थ सुचत. रोमन लिपीत लिहिले तर इंग्रजी वाचणारा त्याचा उच्चार 'पेल' करी आणि अर्थ फिकट असा लावी. कंटाळून त्याने एका रात्री एकशब्दी, झोकदार नाव घेतले. महिन्याभराने गावाकडील एका भजनी मंडळाने त्याला गायला बोलवायचे ठरवले आणि जुन्या नावाने शोधले. तो सापडला नाही. मंडळाने दुसरा गवई बोलावला.

"सर, नाव तर माझेच आहे ना?" तो मला म्हणाला.

"नाव तुझे खरे, पण हाक मारणारे दुसरे असतात," मी म्हटले.

येथे या बदलाची खरी मेख आहे. सरकारी राजपत्रात नाव बदलले म्हणजे जुने आणि नवे शेजारी शेजारी छापले जाते, आणि जुन्या कागदांवर जुने नाव तसेच राहते. दर्शनी नावाचे तसे नाही. ते आज बदलले की तीन वर्षांपूर्वीच्या लिखाणावरही नवेच नाव दिसू लागते. या मुलाच्या एका जुन्या मुद्रणाखाली कोणा वडीलधाऱ्या रसिकाने 'शाब्बास पाळीकर' असे लिहिले आहे. आज तो मजकूर वाचणाऱ्याला पाळीकर कोण ते कळत नाही. शाब्बासकी उरली आहे, तिचा धनी हरवला आहे.

या सोयीचा लबाडीसाठी उपयोग होतो तो याच कारणाने. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरने निळी खूण पैसे घेऊन देण्यास आरंभ केला, तेव्हा कोणी तोतयाने एलाय लिली या अमेरिकन औषध कंपनीचे नाव लावून इन्सुलिन फुकट मिळणार असे जाहीर केले. खऱ्या कंपनीला खुलासा करावा लागला. पुढल्या जुलैत ट्विटरनेच आपले नाव टाकून एक्स हे नाव घेतले, हाही एक योगच. ओळखीच्या माणसाचे नाव लावून पैसे मागणारे तर आता गल्लोगल्ली झाले आहेत.

तथापि, नाव बदलूच नये किंवा प्रत्येकाने खरे नावच लावावे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनोळखी पुरुषांच्या त्रासापायी एखादी मुलगी आडनाव झाकते. आडनावावरून जात ताडली जाऊ नये म्हणून कोणी केवळ आईवडिलांची नावे लावतो. नवऱ्याचे घर सोडलेल्या बाईने माहेरचे नाव परत घ्यावे, यात गैर ते काय? ज्याच्या जिवाला किंवा मानाला धोका आहे, त्याच्याकडे कोणी साक्षीदार मागू नयेत. माझे म्हणणे आहे ते जे लोकांपुढे गातात, लिहितात, शिकवतात किंवा व्यापार करतात त्यांच्याविषयी. ज्यांनी लोकांकडून ओळख घेतली, त्यांनी ती बदलताना लोकांना सांगावे.

त्याला फार कष्ट पडत नाहीत. बदलापूर्वी आणि बदलानंतर दोन ओळींत जाहीर करावे. दर्शनी नाव बदलले तरी खात्याचा पत्ता शक्यतो तोच ठेवावा. स्वतःविषयीच्या रकान्यात निदान वर्षभर पूर्वीचे नाव लिहावे. फेसबुकवर माहेरचे किंवा दुसरे नाव दाखवण्याची सोयही आहे. फेसबुकच्या सार्वजनिक पानांना पूर्वी कोणती नावे होती हे कोणालाही पाहता येते; पानांना जो नियम चालतो, तो गवयाने आपण होऊन पाळायला हरकत नसावी. माझे वडील गायकवाडांच्या वाड्यावर गवई होते. नवख्या गवयाने तंबोरे जुळवण्याआधी आपले नाव, गुरूचे नाव आणि गाव सांगावे, अशी तेव्हाची रीत होती, असे ते सांगत. कसे गातो ते मागाहून कळे.

आपण बडोद्याची मराठी घरे या बाबतीत अनुभवी आहोत. दोनशे वर्षांत ज्या गावाला आपले पाय लागले नाहीत, त्या कोकणातल्या किंवा देशावरल्या गावाचे नाव आपण आडनावात बाळगतो. १९७४ साली शहराचे सरकारी नाव बडोद्याचे वडोदरा झाले. तरी १९०८ ची बँक आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी बडोदा आपल्या नावात ठेवले, आणि पत्र कोठलेही चुकले नाही. पाळीच्या त्या मुलाने नवे नाव ठेवले आहे. त्याच्या खाली आता तो 'पूर्वीचा पाळीकर, पाळी, डिचोली, गोवा' असे लिहितो. घराघरांतील तरुण मंडळींना एवढी ओळ लिहायला वडीलधाऱ्यांनी सांगावे, ही विनंती.