अँटिग्वाला चार दिवस

ह्यूस्टनला राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक एक्सेल शीट पाठवली. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तो आणि त्याचे तीन मित्र ग्वाटेमालातल्या अँटिग्वाला चालले आहेत. (अँटिग्वा म्हटलं की आपल्याला व्हिव रिचर्ड्सचं बेट आठवतं. ते वेगळं. हे मध्य अमेरिकेतलं, डोंगरांनी वेढलेलं जुनं स्पॅनिश गाव.) ह्यूस्टनहून विमानाने तीनेक तास, त्यामुळे चार दिवस पुरतील असं वाटणं साहजिक आहे. मी तिथे आठवडाभर राहून आलेलो, म्हणून सोबत निरोप होता, ‘मामू, एकदा नजर टाका.’

शीट अशी होती. पहिल्या रात्री पोहोचायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आकातेनांगो ज्वालामुखीच्या चढाईला निघायचं, रात्र डोंगरावर तंबूत. तिसऱ्या दिवशी दुपारी खाली उतरून तसंच गाडीत बसून आतित्लान सरोवर. चौथ्या दिवशी परतीचं विमान. प्रत्यक्ष अँटिग्वासाठी एवढी एकच नोंद होती, ‘डिनर, कमानीपाशी फोटो.’

भाच्याला दोष देऊन उपयोग नाही. इंटरनेटवरचे बहुतेक प्लॅन हेच सांगतात. गाव म्हणजे बॅगा ठेवायची जागा आणि ज्वालामुखी म्हणजे खरा कार्यक्रम. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. आधी गाव पाहा, मग डोंगर चढा. यात शरीराची सोय तर आहेच, पण त्याहून मोठं कारण असं की ते गाव पाहिल्याशिवाय तो डोंगर काय चीज आहे हे कळतच नाही.

शरीराचं आधी सांगतो, कारण पोरांना तेवढंच पटतं. भाचा पुण्यात असताना दर पावसाळ्यात सह्याद्रीत भटकायचा. कळसूबाई तीनदा केलंय, हरिश्चंद्रगड केलाय, त्यामुळे ‘एक डोंगर तर आहे’ असा त्याचा सूर. कळसूबाईची उंची 1646 मीटर. अँटिग्वा गावच सुमारे 1500 मीटरवर वसलेलं आहे. म्हणजे हॉटेलच्या अंगणात चहा पितानाच आपण कळसूबाईच्या माथ्याच्या आसपास असतो. चढाई सुरू होते ला सोलेदाद गावापाशी, साधारण 2400 मीटरवर. तंबू असतात 3600 मीटरच्या आसपास, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात उठून गाठायचा माथा 3976 मीटरवर. ह्यूस्टन जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. काल रात्री तिथून निघालेला माणूस आज संध्याकाळी साडेतीन हजार मीटरच्या वर झोपणार असेल, तर डोकं दुखणं, उलट्या होणं, रात्रभर डोळा न लागणं यात आश्चर्य नाही. गावात दोन रात्री काढल्या तर हा त्रास टळतोच असं नाही, पण फरक पडतो.

त्यात पायाखाली दगड नाही, राख आणि बारीक खडी. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. त्या काळ्या दगडावर पाय घट्ट बसतो. आकातेनांगोवर दोन पावलं टाकली की एक पाऊल मागे घसरतं. आणि थंडी! नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला कोरडा मोसम, आकाश स्वच्छ असतं, म्हणून गर्दीही तेव्हाच. पण याच दिवसांत वर बोचरा वारा सुटतो आणि रात्री पारा शून्याखाली जातो. 2017च्या जानेवारीत याच डोंगरावर थंडीने गारठून सहा जणांचा जीव गेला. सगळे ग्वाटेमालाचेच होते, कुणी परदेशी हौशी नव्हते.

आता गावाबद्दल. स्पॅनिश लोकांनी 1527 मध्ये आपली राजधानी आग्वा ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसवली. 1541च्या सप्टेंबरात मुसळधार पाऊस झाला आणि त्या डोंगरावरून चिखल आणि दगडधोंड्यांचा लोंढा खाली आला. नवऱ्याच्या मृत्यूनंतर नुकतीच गव्हर्नर झालेली बेआत्रिस दे ला कुएव्हा त्यात गेली. तिचा कारभार जेमतेम दोन दिवसांचा. उरलेल्यांनी 1543 मध्ये जवळच्याच खोऱ्यात नवी राजधानी उभारली. तीच आजची अँटिग्वा. तिथे 1717 मध्ये आधी फुएगोचा उद्रेक झाला, मग भूकंप. 29 जुलै 1773च्या भूकंपाने तर शहराचं कंबरडंच मोडलं. गव्हर्नर म्हणाला, शहर हलवा. आर्चबिशप म्हणाला, हलणार नाही. शेवटी 1776 मध्ये राजधानी आजच्या ग्वाटेमाला सिटीला गेली. मागे राहिलेल्या शहराला लोक ‘जुनं’ म्हणू लागले. अँटिग्वा या शब्दाचा अर्थच तो. पण हुकूम निघाला म्हणून सगळे उठून गेले नाहीत. बरेच जण पडक्या भिंतींच्या आडोशाला राहिले, आणि त्यांच्यामुळे हे गाव आज आपल्याला पाहायला मिळतं.

हे वाचून समजतं तसं बघून जास्त समजतं. ला मेर्सेदचं पिवळं चर्च पाहा. समोरची नक्षी एखाद्या लग्नाच्या केकसारखी नाजूक, पण भिंती किल्ल्यासारख्या जाड आणि मनोरे बुटके. ते 1767 मध्ये पूर्ण झालं आणि सहा वर्षांनी आलेल्या भूकंपात तगलं. बांधणाऱ्यांनी जमिनीचा धाक खाल्लेला होता. चौकातल्या कॅथेड्रलचा पुढचा भाग आज प्रार्थनेसाठी वापरतात. त्याच्या मागे गेलं की छप्पर नसलेल्या विटांच्या कमानी लागतात, वर थेट आभाळ. कापुचिनास मठात जोगिणींच्या खोल्या एका वर्तुळात मांडलेल्या आहेत. आणि ज्या कमानीपाशी माझा भाचा फोटो काढणार आहे, ती मठातल्या जोगिणींना लोकांच्या नजरेस न पडता रस्ता ओलांडता यावा म्हणून बांधलेली. आमच्याकडच्या पडद्यावर तावातावाने बोलणारे तिथे मात्र हौसेने सेल्फी काढतात! असो.

‘कलोनियल टाऊन’ हा शब्द पर्यटनाच्या जाहिरातीत फार गोड वाटतो. हे गाव स्पॅनिशांनी ‘बांधलं’ असंही सर्रास लिहिलं जातं. विटा वाहिल्या, चुना भाजला, दगड घडवले ते काक्चिकेल आणि इतर माया लोकांनी, आणि बरंचसं काम वेठीचं होतं. आपण स्वतः दीडशे वर्षं वसाहतीत काढलेली माणसं. आपल्याला तरी हा शब्द नुसता सुंदर वाटू नये.

माझ्यासारख्या नावाच्या माणसाला या गावात आणखी एक गंमत सापडते. शहराचं मूळ नाव सान्तियागो. हा स्पेनचा रक्षक संत आणि त्याची पदवी ‘मातामोरोस’, म्हणजे मूरांना, मुसलमानांना मारणारा. शहराला 1532 मध्ये जे राजचिन्ह मिळालं त्यावर घोड्यावर बसलेला हाच संत आहे आणि त्याच्या खाली तीन ज्वालामुखी, मधला आग ओकणारा. पण मूरांना हाकलून देणाऱ्यांच्या जिभेवरून मूर गेले नाहीत. इथल्या नगराध्यक्षाला ‘अल्काल्दे’ म्हणतात, ते मूळचं अरबी अल-काझी. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात अँटिग्वाच्या रस्त्यांवर रंगीत भुसा आणि फुलांचे भलेमोठे गालिचे घालतात आणि त्यांवरून ख्रिस्ताची मिरवणूक जाते. त्या गालिच्यांना म्हणतात ‘आल्फोंब्रा’. हा शब्द अरबी ‘खुमरा’वरून आलेला, म्हणजे खजुराच्या पात्यांची छोटी चटई. हदीसमध्ये पैगंबर जिच्यावर नमाज पढत असा उल्लेख येतो ती हीच. चटई अरबस्तानातून अंदालुसियात गेली आणि तिथून समुद्र ओलांडून ज्वालामुखीच्या पायथ्याशी कॅथलिक मिरवणुकीखाली अंथरली गेली. मला हे एखाद्या संग्रहालयापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. (त्या आठवड्यात मात्र छोटी सहल ठरवू नका. हॉटेलं खूप आधी भरतात आणि गावातून गाडी हलत नाही.)

तर, गाव पाहून झालं की फुएगोकडे बघा. ग्वाटेमालाचा हा सर्वांत धुमसता डोंगर. आकातेनांगोवर लोक चढतात ते मुळात त्याच्या शेजारी बसून फुएगोचे स्फोट बघायला. रात्री तंबूबाहेर उभं राहिलं की लाल निखारे उडतात, मग काही क्षणांनी आवाज येतो आणि छातीत थरथरतं. मीही तोंडाचा आ वासून बघत राहिलो होतो.

पण 3 जून 2018ला, रविवारी, याच डोंगरावरून तापलेली राख आणि वायूचा लोट लास लाहास घळीतून खाली आला आणि सान मिगेल लोस लोतेस ही वस्ती गाडली गेली. शेकडो माणसं मेली किंवा कायमची बेपत्ता झाली. जवळच्या आलिशान गोल्फ रिसॉर्टमधले पाहुणे त्याआधी बाहेर पडले होते. वस्तीला वेळेत कुणी हलवलं नाही. 2025च्या मार्चमध्ये पुन्हा उद्रेक झाला तेव्हा पायथ्याच्या लोकांना घरं सोडावी लागली. ज्याला आपण ‘शो’ म्हणतो तो कुणाच्या तरी घराच्या परसात चाललेला असतो, हे डोक्यात ठेवून वर जा एवढंच माझं म्हणणं आहे.

म्हणूनच शीटमधली एक ओळ मी लाल केली, ‘ऑप्शनल: फुएगो रिज’. तंबूपासून संध्याकाळी जादा पैसे देऊन फुएगोच्या सोंडेवर नेतात, विवराच्या अगदी समोर. भाच्याचं म्हणणं, सगळेच जातात. जात असतील. पण तो डोंगर कधी मोठा स्फोट करील याचं वेळापत्रक कुणाकडे नाही, आणि तिथे उडालेला दगड हेल्मेट घातलेलं आहे का ते बघत नाही. आकातेनांगोच्या तंबूतून जे दिसतं ते पुरेसं आहे. ‘लाव्हा दिसण्याची गॅरंटी’ देणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नका. फुएगो कधी कधी दिवसच्या दिवस गप्प बसतो आणि ढग आले तर तोही नाही आणि आपला हातही नाही. निघायच्या आदल्या दिवशी तिथल्या इन्सिवुमेह या भूगर्भ-हवामान संस्थेचं पत्रक आणि कोन्रेद या आपत्ती यंत्रणेच्या सूचना बघा. स्पॅनिश येत नसेल तरी फोनवर भाषांतर होतं.

पैशाचं एक बोलतो. भाच्याने सहा टूर कंपन्यांचे दर लिहून सर्वांत स्वस्त तिच्यापुढे टिकमार्क केला होता. अशा चढाईत दर कमी होतो तेव्हा कपात कुठे होते? जॅकेटं विटलेली मिळतात, स्लीपिंग बॅग पातळ मिळते, आणि गाइड-हमालांची मजुरी खाली येते. माझ्यासोबतच्या गटात पायथ्याच्या गावातला एक पन्नाशीचा माणूस रबरी बूट घालून, कपाळाला पट्टा लावून दोन बॅगा वाहत होता आणि आमच्या आधी वर पोहोचून चूल पेटवत होता. गाइड त्या गावांतले आहेत का, त्यांना काय मिळतं, किती जणांमागे एक असतो, हे बुकिंगच्या आधी विचारा. उत्तर देताना जो चाचरतो त्याच्याकडे बुकिंग करू नका. पाठीवरची बॅग हमालाला द्यायला लाजू नका, फक्त आत निरर्थक सामान भरू नका. माणशी चार लिटर पाणी, हातमोजे, कानटोपी, डोक्याला बांधायची बॅटरी, कोरडे मोजे. ड्रोन नको.

चौघांपैकी एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय असं नंतर कळलं. त्याच्यासाठी पाकाया आहे. 2552 मीटर, अँटिग्वाहून दीडेक तासाच्या गाडीवर, चढाई अर्ध्या दिवसाची. स्थानिक गाइड घ्यावाच लागतो आणि दमणाऱ्यांसाठी वाटेत पोरं घोडे घेऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत मागे लागतात. पाकायालाही कमी लेखू नका, तोही जिवंत आहे. माझं खासगी मत विचाराल तर चार दिवसांच्या सहलीत पाकाया सर्वांनाच पुरे. पण हे पंचविशीतल्या पोरांना सांगून पटत नसतं, म्हणून मी हट्ट धरला नाही.

आता शीट अशी झाली आहे. आतित्लान कापलं. ते सरोवर पुन्हा कधी तरी, निवांत. पहिल्या दिवशी सकाळचं विमान, दुपारनंतर गावात पायी. दुसरा दिवस पूर्ण अँटिग्वा. तिसऱ्या दिवशी तिघे आकातेनांगोला, चौथा पाकायाला. चौथ्या दिवशी दुपारी खाली, आंघोळ, आणि रात्रीचं विमान. विमानतळाचा रस्ता नकाशात तासाभराचा दिसतो, ट्रॅफिकमध्ये दोन तास धरा.

राहता राहिलं खाणं. सकाळी अंडी, काळ्या घेवड्याची उसळ, तळलेली केळी आणि गरम तोर्तिया. मकेच्या भाकरीवर वाढलेल्या आपल्या माणसाला तिथे उपाशी राहावं लागत नाही. पेपियान नावाचा भाजलेल्या मिरच्या-तिळाचा दाट रस्सा आपल्या काळ्या मसाल्याची आठवण करून देतो. कोंबडी हलाल मिळण्याचा भरवसा धरू नका. आणि घेवड्यात डुकराची चरबी घालण्याची पद्धत आहे, तेव्हा ताट पुढे ओढण्याआधी ‘मांतेका दे सेर्दो?’ एवढं विचारून घ्या. मी रोज विचारायचो. तिसऱ्या दिवसापासून खानावळीतली बाई मला बघताच स्वतःहून तेलातली उसळ काढून ठेवू लागली.