आधी मरा, मग समता

देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवती दोन हजार यार्डांवर एक रेघ आहे. रेड झोन. पाठीशी इंग्रजांचा १९०३ चा ‘वर्क्स ऑफ डिफेन्स’ कायदा. रेघेच्या आत घर बांधू नका, डेपो पेटला तर मराल. कबूल. पण आत आहेत त्या माणसांचं काय? त्यांच्या घराला बेकायदेशीर म्हणून कायदा गप्प बसतो. अरे, बाहेर जागा परवडत नाही म्हणूनच तर माणूस आत गेला! देहूरोडच्या माझ्या मावशीला विचारलं, भोंगा वाजला तर कुठं पळशील? म्हणाली, ‘इकडं रेल्वेचं रूळ, तिकडं डेपोची भिंत. पळायचं कुठं रं लेका?’

मी गोदीत माल उचलतो. दारूगोळा म्हणजे काय, हे गोदीला ठाऊक हाय. १४ एप्रिल १९४४, बाबासाहेबांचा जन्मदिवस. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकात फोर्ट स्टायकिन जहाज उभं. पोटात चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं आणि कापसाच्या गासड्या. असल्या जहाजानं लाल बावटा चढवायचा असतो. तो चढवलाच नव्हता. दुपारी दोनच्या सुमाराला धूर दिसला, स्फोट झाला चारनंतर. दोन तास! तेवढ्यात अख्खी गोदी रिकामी झाली असती. कुणी सांगितलं नाही. माणसं कामं करत राहिली आणि शेकड्यांनी उडाली. दीड हात लाल कापड, त्याचीसुद्धा कंजुषी.

आता आजचा कायदा बघा. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दलितांना मदत छावण्यांतून हुसकावलं, पाण्याला हात लावू दिला नाही. समुद्रानं जात बघितली नाही, छावणीनं बघितली. २००५ ला आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. त्याचं कलम ६१ म्हणतं, भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यांवरून भेदभाव नको. चांगलंय. पण नीट वाचा : भरपाई आणि मदत देताना. म्हणजे समता मढ्याला. धोक्याच्या तोंडाशी कुणाला ठेवलं, पक्की जागा कुणाला दिली, तिथं हे कलम मुकं.

८ डिसेंबर २०२३ ला शेजारच्या तळवड्यात केकवर लावायच्या फुलबाज्यांचा कारखाना पेटला. आत बहुतेक बायाच. कारखाना बेकायदेशीर होता, हे त्या जळाल्यावर जाहीर झालं.

कलम ६१ मध्ये ‘पूर्वतयारी’ हा शब्द घाला, ही आपली मागणी. तोवर कलम ३१ आहेच. जिल्ह्यात धोक्याच्या जागा कुठल्या, उपाय काय, याचा आराखडा ते मागतं, आणि जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष असतो जिल्हाधिकारी. २५ डिसेंबरला, १९५४ साली बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली त्या दिवशी, आपण तिथं जमतोच. या खेपेला मुक्काम करायचा. दुसऱ्या दिवशी पुण्याची कचेरी उघडली की आराखड्यातलं देहूरोडचं पान मागायचं.