चौतिशीत अडकवलेला सफदर

वर्षाच्या पहिल्या दिवशी अख्खी दिल्ली इंडिया गेटवर लोटते. साहिबाबादच्या कारखान्यांना खेटून असलेल्या झंडापूरमध्ये मात्र त्या दिवशी नाटक असतं. तिकीट नाही, पडदा नाही. मफलरी गुंडाळलेले कामगार, पुढे घुसणारी पोरंटोरं आणि दिल्लीहून आलेली नाटकवाली मंडळी. पथनाट्यवाला सफदर हाश्मी आणि कामगार रामबहादूर या दोघांच्या आठवणीत हे चालत आलंय.

घटना बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १ जानेवारी १९८९, झंडापूर. गाझियाबादच्या नगरपालिका निवडणुकीत माकपच्या उमेदवारासाठी सफदरचा जन नाट्य मंच, म्हणजे ‘जनम’, ‘हल्ला बोल’ या पथनाट्याचा प्रयोग करत होता. काँग्रेसच्या पाठिंब्यावर उभा असलेला उमेदवार माणसं घेऊन आला आणि त्याने वाट मागितली. नाटक संपेपर्यंत थांबा, असं सफदरने सांगितलं. त्यावर लाठ्या आणि लोखंडी सळ्या निघाल्या. रामबहादूर नावाचा कामगार गोळी लागून गेला, सफदर दुसऱ्या दिवशी रुग्णालयात. वय ३४. दोषींना शिक्षा व्हायला २००३ उजाडलं. सफदरला जाऊन दोन दिवस होत नाहीत तोच, ४ जानेवारीला, त्याची पत्नी मलयश्री ‘जनम’ला घेऊन त्याच जागी परतली आणि राहिलेलं नाटक त्यांनी पुरं केलं.

इथपर्यंत सगळे सांगतात आणि इथेच थांबतात, ही माझी तक्रार आहे. एकदा ‘शहीद’ म्हटलं की सफदरच्या गळ्यात हार पडतो आणि बिचाऱ्याची वाढ खुंटते.

‘जनम’ १९७३ सालचा. सुरुवातीला रंगमंचावरची मोठी नाटकंही करायचा. आणीबाणीनंतर कामगार संघटनांकडे पैसा उरला नाही, मोठी नाटकं परवडेनात, तेव्हा छोटी बसवायचं ठरलं. पथनाट्य असं कडकीतून आलं, सिद्धांत मागाहून. १९७८ चं ‘मशीन’ जेमतेम तेरा मिनिटांचं. गाझियाबादच्या बाजूला एका कारखान्यात कामगारांनी काय मागितलं होतं? सायकली लावायला जागा आणि चहा-नाश्त्याचं कँटीन. मिळाल्या गोळ्या. मग नटांच्या अंगांचंच यंत्र झालं. हात, खांदे, माना एका तालात हलतायत आणि मध्येच ते बंद पडतं. लालबाग-परळमध्ये अण्णाभाऊ साठ्यांची लोकनाट्यं पाहिलेल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं.

आपल्या मराठी माणसांसाठी आणखी एक धागा. ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ लिहिणारे गो. पु. देशपांडे दिल्लीत जेएनयूत शिकवत. त्यांचा मुलगा सुधन्व हल्ल्याच्या दिवशी झंडापूरला नटांमध्ये होता. २०२० मध्ये त्याने सफदरवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्याच्या उपशीर्षकात मृत्यू आधी येतो, जीवन नंतर. ही उलटी मांडणी मला पटते: मरणाचं एकदाचं सांगून टाकायचं, मग माणसाकडे वळायचं.

माणूस कसा होता? दिल्लीच्या सेंट स्टीफन्समध्ये शिकलेला, कॉलेजात इंग्रजी शिकवलेला, पश्चिम बंगाल सरकारच्या दिल्लीतल्या माहिती केंद्रातली नोकरी सोडून पूर्णवेळ या कामात उतरलेला. मुलांसाठी गाणी लिहायचा; पुस्तकांवरची त्याची कविता आजही शाळांतून म्हटली जाते. आणि शेवटच्या वर्षी तो बदलत होता. प्रेमचंदांच्या कथेवरून त्याने हबीब तन्वीर यांच्यासोबत ‘मोटेराम का सत्याग्रह’ केलं. पथनाट्याची भाषा सर्वांत जास्त मुरलेला माणूस पुन्हा रंगमंचाकडे वळत होता. चाळिशीत, पन्नाशीत त्याने काय केलं असतं? कदाचित आपल्यालाही न रुचणारं. अकाली जाण्यातलं खरं नुकसान मला तिथे दिसतं. घोषणा कुणीही देऊ शकतो. मत बदलायला माणूस जिवंत लागतो.

त्याचा वाढदिवस १२ एप्रिल हा पथनाट्य दिन म्हणून पाळला जातो आणि तो मला अधिक आवडतो. त्या दिवशी नवं नाटक करावं, फसलं तरी चालेल. श्रद्धांजलीची भाषणं ठेवू नयेत. झंडापूरची १ जानेवारी मात्र कुणी हलवू नये. सफदरच्या नावाने ‘सहमत’ ही संस्था उभी राहिली, दिल्लीत शादीपूरला स्टुडिओ झाला, चित्रकार हुसेननी चित्र काढलं. रामबहादूरच्या वाट्याला ही एवढीच तारीख आली आहे.