कोश्चुश्कोची वसीयत

अमेरिकन क्रांती शिकवताना फळ्यावर तीन-चारच नावं येतात. वॉशिंग्टन, जेफरसन, फ्रँकलिन. फ्रान्सच्या मदतीचा विषय निघाला तर लाफाएत. तादेऊश कोश्चुश्को हे नाव राहून जातं. उच्चारायला अवघड म्हणूनही असेल. हा पोलंडचा माणूस अमेरिकेच्या पहिल्या सैन्यात ब्रिगेडियर जनरल झाला. त्याच्या लढायांवर इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र त्याच्या वसीयतीबद्दल लिहायचं आहे, कारण त्याने मागे ठेवलेली खरी गोष्ट ती होती, आणि तिचं काय झालं हे पुतळ्यांखाली लिहिलेलं नसतं.

१७४६ साली जन्मलेला कोश्चुश्को पेशाने लष्करी अभियंता. वॉर्सा आणि फ्रान्समध्ये शिकला आणि १७७६ साली अमेरिकेत पोहोचला. फौजेत तोफा चालवणारे पुष्कळ असतात. कुठली टेकडी धरायची, कुठे खंदक खणायचा हे कळणारे थोडे. साराटोगाजवळच्या बेमिस हाइट्सची तटबंदी त्याने आखली. १७७७ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे ब्रिटिश सेनापती बर्गॉइनला शरण यावं लागलं आणि त्यानंतरच फ्रान्स उघडपणे अमेरिकेच्या बाजूने उतरलं. पुढे हडसन नदीवरच्या वेस्ट पॉइंटची किल्लेबंदीही त्याचीच. युद्धाची काही वर्षं अग्रिपा हल हा मॅसॅच्युसेट्सचा स्वतंत्र कृष्णवर्णीय शिपाई त्याच्यासोबत होता. शिवाय दक्षिणेकडच्या मोहिमेत त्याने गुलामी रोज डोळ्यांनी पाहिली. स्वातंत्र्याची लढाई आणि शेतात राबणारे गुलाम, दोन्ही एकाच वाटेवर.

मायदेशी परतल्यावर १७९४ साली त्याने रशियाविरुद्ध उठावाचं नेतृत्व केलं. शेतकऱ्यांनी विळ्याची लांब पाती काठीला सरळ बसवून भाले केले आणि रात्सवावित्सेच्या लढाईत रशियन तोफा हस्तगत केल्या. त्याच वर्षी ७ मे रोजी काढलेल्या जाहीरनाम्यात त्याने भूदासांना व्यक्तिस्वातंत्र्य दिलं आणि जमीनदाराकडची वेठ कमी केली. आपल्या वाचकांना हेही ठाऊक असायला हवं की या उठावात ज्यूंची वेगळी घोडदळ तुकडी होती आणि लिथुआनियाच्या तातार मुसलमानांचे जनरल युझेफ बिएलाकही त्यात लढले. उठाव मोडला. कोश्चुश्को जखमी होऊन कैद झाला, दोन वर्षं रशियात बंदी राहिला आणि नव्या झारने सोडल्यावर १७९७ साली पुन्हा अमेरिकेत आला.

तिथे त्याला काँग्रेसकडून युद्धकाळातला थकलेला पगार मिळाला. अपंगत्व आलेला, देश गमावलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस. या पैशांवर आरामात राहिला असता तर कुणी नावं ठेवली नसती. त्याने काय केलं? युरोपला निघण्याआधी, मे १७९८ मध्ये, स्वतःच्या हाताने मोडक्या इंग्रजीत वसीयत लिहिली. अमेरिकेतली माझी सगळी मालमत्ता मित्र थॉमस जेफरसन यांनी गुलाम विकत घेऊन त्यांना मुक्त करण्यासाठी वापरावी. हवं तर स्वतः जेफरसन यांच्याकडचेच गुलाम घ्यावेत. पुढचा भाग मला शिक्षक म्हणून जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांना शिक्षण द्यावं, हातात कसब द्यावं, चांगले शेजारी, चांगले आईबाप, देशाचे रक्षक होता येईल असं तयार करावं. नुसती बेडी तोडून माणूस मोकळा होत नाही, हे त्याला पोलंडच्या भूदासांमुळे कळलं असावं.

उर्दूत वसीयत अमलात आणणाऱ्याला 'वसी' म्हणतात. त्याच्या हाती दिलेली वस्तू म्हणजे अमानत. मराठीत हाच शब्द 'अनामत' होऊन बँकेत आणि निवडणुकीत स्थिरावला, पण उर्दूत त्यात अजून विश्वासाचं वजन आहे.

१८१७ साली कोश्चुश्को स्वित्झर्लंडमध्ये वारला. मरणाच्या महिनाभर आधी त्याने जेफरसनना पत्र लिहून त्या पैशाचा हेतू ठरलेलाच असल्याची आठवण दिली होती. तेव्हा रक्कम सुमारे १७ हजार डॉलर होती. जेफरसननी १८१९ साली वसीयत न्यायालयात दाखल केली आणि वयाचं कारण देऊन वसी होण्यास नकार दिला.

त्यांच्या बाजूनेही बोललं जातं, आणि ते अगदीच पोकळ नाही. जेफरसन पंचाहत्तरी ओलांडलेले होते. कोश्चुश्कोने नंतर युरोपात आणखी वसीयती केल्या होत्या आणि दावेदार उभे राहू लागले होते. मुक्त झालेल्या गुलामाने वर्षभरात राज्य सोडावं, असा व्हर्जिनियाचा १८०६ चा कायदा होता. ॲनेट गॉर्डन-रीड यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासक या गुंतागुंतीकडे लक्ष वेधतात, तर हेन्री विन्सेक जेफरसनना सरळ दोषी धरतात.

मी विन्सेक यांच्या बाजूने झुकतो. वय झालं म्हणून काम दुसऱ्यावर सोपवणं समजू शकतं. पण ज्याने 'सर्व माणसं समान' असं लिहिलं, ज्याच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं होती, आणि ज्याला मित्राने सांगितलं होतं की या पैशांनी तुझेच गुलाम सोडव, त्याने या कामासाठी एकदाही जिवाचं रान केल्याचं दिसत नाही. 'तो काळच तसा होता' हे उत्तर इथे चालत नाही. कोश्चुश्को त्याच काळातला होता, त्यांचाच मित्र होता. आपल्याकडे ज्योतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी संपवणाऱ्या अमेरिकनांना. आभार कुणाचे मानायचे, हे त्यांना नेमकं कळत होतं.

हे वाचून आपण टाळ्या पिटू नयेत. गुलाम आजाद करणं मोठं सवाब, हे आपण मिंबरवरून ऐकत आलो. त्याच शतकांत मुसलमान राजवटींत गुलामांचे बाजारही भरत होते. शिकवण होती, तरी बाजार बंद झाला नाही. जेफरसनच्या हातातला कागद आणि आपला हा इतिहास मला फार वेगळे वाटत नाहीत.

कोश्चुश्कोलाही मी पूर्ण सोडत नाही. १८१६ च्या वसीयतीत आधीच्या वसीयती रद्द करणारं वाक्य राहू दिलं, हा निष्काळजीपणा होता. नेक इराद्याने लिहिलेला कागदही कायद्यात पक्का बसवावा लागतो, आणि तो अशा माणसाकडे द्यावा लागतो ज्याचा त्यात तोटा नाही. गुलामांच्या मालकालाच गुलाममुक्तीचा वसी नेमणं हा मैत्रीवरचा भाबडा भरवसा होता. वाद पस्तीस वर्षं चालला. १८५२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८१६ च्या त्या वाक्यावर बोट ठेवलं आणि उरलेली रक्कम युरोपातल्या नातेवाइकांकडे गेली. या पैशांतून एकही गुलाम सुटला नाही.

जेफरसन १८२६ साली वारले, डोक्यावर प्रचंड कर्ज ठेवून. जानेवारी १८२७ मध्ये त्यांच्या माँटिसेलोच्या मळ्यावर १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. त्याच वर्षी कोश्चुश्कोच्या पैशांचा एक दावा सर्वोच्च न्यायालयासमोर होता. जोसेफ फॉसेट हा तिथला लोहार. जेफरसननी मृत्युपत्रात ज्या पाच पुरुषांना मुक्त केलं, त्यांत तो होता. पण त्याची बायको ईडिथ आणि मुलं विकली गेली. त्याने भात्यावर राबून पैसा जमवला आणि बायकोला व काही मुलांना एकेक करून परत विकत घेतलं. मुलगा पीटर लिलावाच्या वेळी अकरा वर्षांचा होता. त्याला सुटायला १८५० साल उजाडलं. मधल्या काळात तो चोरून वाचायला शिकला आणि रात्री लपून दुसऱ्या गुलामांनाही शिकवत असे.