अंदाजातला बर्फ आणि उतारावरचा बर्फ

वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद महाराष्ट्रात काही पिढ्या चालत आला आहे. काश्मीरमध्ये हिवाळ्यात पावसाऐवजी बर्फाचे भाकीत होते, आणि ते चुकले तर तेथे हसणे इतके सोपे नसते. फूटभर हिमवर्षावाचा अंदाज जाहीर व्हावा, त्या भरवशावर गुलमर्गला पर्यटकांची गर्दी लोटावी आणि सकाळी उतारावर जेमतेम चार बोटे बर्फ दिसावा, अशा दिवशी केवळ एका खेळाचा विरस होत नाही. निसर्गाच्या अनिश्चिततेचा भार समाजात कोणाच्या खांद्यावर पडतो, हेही त्या दिवशी उघड होते.

गुलमर्गचे कुरण सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथून निघणारा गोंडोला दोन टप्प्यांत अफरवतच्या उतारावर जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत नेतो. बर्फ अपुरा पडला की पहिला फटका खालच्या सौम्य उतारांना, म्हणजे नवशिक्यांच्या शाळेला बसतो. पातळ थरातून दगड आणि झुडपांची खोडे डोके वर काढतात. दुपारच्या उन्हात मऊ झालेला थर रात्री गोठून काचेसारखा होतो. वर बर्फ असतो, पण तेथील उतार मुरलेल्या स्कीपटूंसाठीच आहेत. नवशिक्याने एक तर खाली स्वस्थ बसावे, नाही तर आपल्या कुवतीबाहेरच्या उतारावर जावे, असा पेच उभा राहतो. बर्फ कमी म्हणजे धोका कमी, ही समजूतही खरी नव्हे. कडाक्याच्या थंडीत पातळ थराचे कण साखरेच्या दाण्यांसारखे सुटे होत जातात आणि त्यावर पुढे जोराचा बर्फ पडला तर तो नीट चिकटत नाही. हिमप्रपाताची एक वाट अशी आधीच्या तुटीतून तयार होते.

मग दोष हवामानखात्याचा काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. काश्मीरचा हिवाळी बर्फ येतो तो मुख्यतः पश्चिमी प्रक्षोभांमुळे, भूमध्य समुद्राच्या बाजूने सरकत येणाऱ्या वादळी प्रणालींमुळे. त्यांची चाहूल काही दिवस आधी लागते. परंतु कोणत्या दरीत किती ओलावा रिता होईल, हे डोंगरांची ठेवण ठरवते. तापमानात एकदोन अंशांचा फरक पडला तरी बर्फाचा पाऊस होतो. शिवाय एक मिलिमीटर पाण्याचा साधारण एक सेंटिमीटर बर्फ होतो, हा केवळ ढोबळ हिशेब आहे. हवा कोरडी आणि थंड असेल तर थर याहून जाड होतो, उबदार असेल तर निम्म्यावर येतो. पाण्याचा अंदाज बरोबर ठरूनही बर्फाचा अंदाज चुकू शकतो, तो असा. अंदाज म्हणजे शक्यतेचे माप. त्याला वचन समजण्याची चूक ऐकणारे करतात, आणि विकणारे तर ती जाणूनबुजून करवतात.

या चुकीची किंमत मात्र सर्वांना सारखी पडत नाही. पर्यटकाची एक सुट्टी वाया जाते. त्याच्याजवळ छायाचित्रे असतात आणि पुढल्या वर्षाची आशाही असते. स्लेज ओढणारा, घोडेवाला, स्की भाड्याने देणारा, रोजंदारीवरचा प्रशिक्षक यांचे बरेचसे वर्ष या थोड्या आठवड्यांवर उभे असते. २१ डिसेंबरला सुरू होणाऱ्या ‘चिल्लई कलान’च्या चाळीस दिवसांत पडलेला बर्फ टिकतो, उशिरा पडलेला लवकर ओसरतो. २०२४चा जानेवारी काश्मीरमध्ये जवळजवळ कोरडा गेला. २०२५ साली फेब्रुवारीत व्हावयाच्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी पुढे ढकलावा लागला आणि तो मार्चमध्ये पार पडला. स्पर्धेची तारीख पुढे नेता येते. रोजंदारीचा बुडालेला दिवस पुढे नेता येत नाही.

कृत्रिम बर्फाचा उपाय सुचवला जातो. २०२२चे बीजिंगचे हिवाळी ऑलिंपिक जवळजवळ संपूर्णपणे अशा बर्फावर झाले, हे खरे. पण त्यालाही मुबलक पाणी, वीज आणि पुरेशी थंडी लागते. काश्मीरमध्ये तर बर्फ हेच पाणी आहे. डोंगरावर साठलेला हिवाळा वितळून झेलमला आणि तिच्या उपनद्यांना मिळतो, त्यावर भातशेती आणि सफरचंदाच्या बागा जगतात. ज्या वर्षी स्कीचा उतार उघडा पडतो, त्या वर्षी उन्हाळ्याच्या पाण्याचीही चिंता लागते.

तेव्हा उपाय साधेच, पण चिकाटीचे हवेत. भाकिताबरोबर त्याची अनिश्चितताही लोकांना सांगितली जावी. उतारावर प्रत्यक्ष मोजलेली बर्फाची जाडी रोज सकाळी जाहीर व्हावी, आणि कोणता उतार उघडावयाचा हे त्या मापावर ठरावे, आरक्षणाच्या आकड्यावर नव्हे. स्पर्धांच्या तारखा लवचीक असाव्यात. आणि कोरड्या हिवाळ्यात हंगामी श्रमिकांना आधार देणारी तरतूद असावी. शेतकऱ्यासाठी पीक विम्याचे तत्त्व मान्य करणाऱ्या देशाला ती कल्पना परकी नाही. आकाशाला जाब विचारता येत नाही. आकाशाच्या भरवशावर सौदे करणाऱ्या व्यवस्थेला मात्र तो विचारता येतो.