पडद्यावरचे आगंतुक

ज्येष्ठांच्या घरी संगणक येतो तो बहुधा दूरदेशी असलेल्या नातवंडांचे मुख पाहण्यासाठी, बँकेचा जमाखर्च तपासण्यासाठी किंवा वर्तमानपत्र मोठ्या अक्षरांत वाचण्यासाठी. त्याच पडद्याच्या कोपऱ्यात एके दिवशी अचानक चौकट उगवते : ‘आपल्या संगणकात पाच विषाणू सापडले आहेत!’ ती मिटवावी तोच दुसरी येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला ही धडधड नकोच असते. त्यात आपल्याच हातून काही बिघडले असे वाटून अनेक जण घरात कोणाला सांगतही नाहीत.

कोपऱ्यातून सरकत येणारे असे संदेश म्हणजे बहुतेक वेळा विषाणू नव्हे. पूर्वी कधीतरी एखाद्या संकेतस्थळाने ‘आपण यंत्रमानव नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा’ असे म्हटलेले असते आणि ते दाबले गेलेले असते. त्या एका टिचकीने त्या स्थळाला केव्हाही संदेश पाठवण्याची परवानगी मिळते. ती काढून घेता येते. क्रोममध्ये वर उजवीकडील तीन ठिपक्यांवरून सेटिंग्ज उघडावीत. तेथे प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्याखाली साइट सेटिंग्ज आणि त्यात नोटिफिकेशन्स. परवानगी मिळालेल्या स्थळांची यादी तेथेच दिसते. अनोळखी नावापुढील ठिपके दाबून ‘ब्लॉक’ निवडावे. एज व फायरफॉक्समध्येही ही सोय आहे, शब्द थोडे निराळे असतात.

आपोआप उघडणाऱ्या जाहिरातींच्या खिडक्यांची गोष्ट वेगळी. त्यांची आज्ञावली लिहिणाऱ्यांपैकी एक, अमेरिकेतील ईथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये जाहीर क्षमा मागितली होती. आता बहुतेक ब्राउझर अशा खिडक्या स्वतःच अडवतात, म्हणून त्यांचा फार विचार करू नये.

खरा धोका तिसऱ्या प्रकारात आहे. संपूर्ण पडदा व्यापला जातो, भोंगा वाजू लागतो, ‘संगणक बंद करू नका’ असा दम दिला जातो आणि खाली ‘मायक्रोसॉफ्ट’च्या नावाने एक दूरध्वनी क्रमांक झळकतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात दूरध्वनी क्रमांक कधीच नसतो, हे त्या कंपनीनेच स्पष्ट केले आहे. क्रमांक दिसला की संदेश खोटा, एवढी खूण पुरे. तो फिरवल्यास पलीकडचा गोडबोल्या माणूस एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर घ्यायला सांगतो. ही साधने मुळात प्रामाणिक कामाचीच आहेत, पण त्यांतून आपल्या संगणकाचा ताबा परक्याच्या हाती जातो आणि मग बँकेचे खातेही.

अशा वेळी भोंग्याचा आवाज बंद करून एस्केप कळ काही क्षण दाबून धरावी, मग ऑल्ट आणि एफ-४ एकत्र दाबावे. तरीही खिडकी हटली नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा व ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’ करावे. काहीच जमले नाही तर चालू-बंदची कळ दहा सेकंद दाबून धरावी. जतन न केलेले लेखन तेवढे जाईल. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर ‘आधीची पाने परत आणू का?’ असे विचारतो. तेथे नकार द्यावा, नाही तर तोच भोंगा परत येईल.

ताबा दिला गेलाच असेल, तर प्रथम इंटरनेटची जोडणी तोडावी आणि परवलीचे शब्द दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत. पैसे गेले असल्यास त्याच घटकेला बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढे सरकण्याआधी खाते गोठवता आले, तरच ती परत मिळण्याची आशा राहते. म्हणूनच, ‘कशाला दाबलेत?’ हा प्रश्न काळजीवाहकांनी गिळून टाकावा. रागाच्या भीतीने ज्येष्ठांनी दोन दिवस गप्प राहणे फार महागात पडते. संगणक काढून घेणे हा तर उपायच नव्हे. त्याऐवजी त्यांच्यासाठी विंडोजमध्ये ‘स्टँडर्ड’ प्रकारचे खाते उघडून द्यावे, म्हणजे बरेचसे नवे सॉफ्टवेअर व्यवस्थापकाच्या परवलीच्या शब्दाविना बसणार नाही.

एक सूचना मात्र विसरू नये. नोटिफिकेशन्स सरसकट बंद करण्याआधी विचारून घ्यावे. आजोबा रात्रीच्या गोळीची आठवण ब्राउझरमधल्या कॅलेंडरवरूनच घेत असतील, तर त्या एका स्थळाची परवानगी राहू द्यावी.